पुरात भिजलेलं कार्ड वीज न देता कसं तपासायचं

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांपलीकडे गेलं, तेव्हा बडोद्यातल्या कित्येक तळमजल्यांवर इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, फ्रिज, घरघंट्या आणि पंपाचे पॅनेल गाळात बसले. अशा वेळी पाणी ओसरलं की घरोघरी एकच बोलणं: 'दोन दिवस उन्हात ठेवलंय, सुकलंय, आता लावून बघू.' बऱ्याच कार्डांचा, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डांचा, जीव पाण्याने जात नाही, तो या लावून बघण्याने जातो.

पुराच्या पाण्यात गाळ असतो, गटाराचं पाणी असतं, क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार मात्र ट्रॅकांच्या, म्हणजे कार्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या, मधे चिकटून राहतात आणि हवेतला दमटपणा ओढून घेतात. सप्टेंबरात बडोद्याची हवा कोरडी नसतेच. अशा कार्डाला वीज दिली की धन बाजूच्या ट्रॅकमधलं तांबं किंवा कथील त्या ओलसर थरात विरघळतं आणि ऋण बाजूवर झाडाच्या फांद्यांसारखं वाढत जातं. ५ व्होल्टवरसुद्धा हे घडतं. फांदी पलीकडे पोचली की शॉर्ट. म्हणून पहिलं काम बॅटरी काढण्याचं, आणि यात कार्डावरचा नाण्याएवढा सेलही आला. मेन स्विच बंद असला तरी त्या सेलवर हे विरघळणं चालूच राहतं.

मग कार्ड चांगलं की वाईट हे वीज न देता कळणार कसं? मल्टिमीटर अर्धंच उत्तर देतो. त्याच्या ओहम रेंजवर टोकांमध्ये बहुधा इतका कमी व्होल्टेज असतो की डायोड किंवा आयसीच्या आतलं जंक्शन, म्हणजे करंटला एकाच दिशेने वाट देणारा सांधा, जागंच होत नाही. डायोड रेंजवर एक ठरावीक करंट ढकलला जातो आणि एकच आकडा मिळतो. ४ व्होल्टला सुरू होणारं लीकेज (नको तिथून गळणारा करंट), उलट्या दिशेला वाहणारा करंट, हलताना तुटणारा सोल्डर यांतलं काही त्या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी व्होल्टेज शून्यापासून वर, परत शून्यावर आणि मग उलट्या बाजूला फिरवायचा, आणि प्रत्येक क्षणी किती करंट जातो ते पडद्यावर काढायचं. ही फिरवाफिरवी ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला ५० वेळा फुकट करून देतो. दुरुस्तीवाले या जोडणीला 'ऑक्टोपस' म्हणतात. हंट्रॉन ट्रॅकर नावाचं तयार यंत्रही याच तत्त्वावर चालतं.

आधी धुणं

चिखल असलेल्या कार्डावर कोणतीही चाचणी व्यर्थ आहे. कार्ड सुटं करण्याआधी मोठ्या कपॅसिटरचा निकाल लावा. २३० व्होल्टच्या एसएमपीएसमध्ये (मेनच्या विजेतून डीसी बनवणाऱ्या स्विचिंग सप्लायमध्ये) तो ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज असतो, आणि मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या ४१५ व्होल्टच्या मोटर ड्राइव्हमध्ये (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रात) ५८७ पर्यंत. ३२५ व्होल्टवरचा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २.२ किलोओहम, १० वॅटच्या वायरवाउंड रेझिस्टरने पाच-सहा सेकंदांत रिकामा होतो. ड्राइव्हमधली कपॅसिटरची बँक याच्या कितीतरी पट मोठी असते, तिथे पाटीवर लिहिलेली मिनिटं थांबा आणि मगच रेझिस्टर लावा. त्यानंतर मीटरने मोजा. अंदाजावर हात घालू नका.

धुण्यासाठी आधी भरपूर साधं स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश, म्हणजे गाळ निघतो. मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे नळाच्या पाण्यातले क्षारही निघतात. शेवटी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे फटींतलं पाणी बाहेर ढकलून स्वतः उडून जातं. त्याचा डबा आणि आग यांत अंतर ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. एलसीडी डिस्प्ले, बझर, उघडे प्रीसेट (पेचकसाने फिरवायचे छोटे रेझिस्टर) आणि कागदी इन्सुलेशनचे ट्रान्सफॉर्मर यांना अल्कोहोलची आंघोळ घालू नका. मग ५० ते ६० अंश सेल्सियसवर सहा ते आठ तास. हेअर ड्रायरने वरून कोरडं दिसतं, पण रिलेच्या बुडाखाली, कनेक्टरच्या पोटात आणि मोठ्या आयसीखाली पाणी तसंच असतं.

मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून लावलेला पिवळट गोंद नीट पाहा. जुना होऊन तपकिरी झालेला हा गोंद पूर नसतानाही लीकेज करतो. खाली ट्रॅक असेल तर खरवडून काढाच.

जोडणी

लागणारं सामान असं: २३० व्होल्टचा प्रायमरी आणि ६ व्होल्ट, ३०० ते ५०० मिलिअँपचा सेकंडरी असलेला साधा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, प्रायमरीत २५० मिलिअँपचा फ्यूज, १० किलोओहम आणि १ किलोओहमचे दोन-दोन, १०० ओहमचा एक असे पाव वॅटचे रेझिस्टर, दोन रेंजचा डबल-पोल स्विच, दोन प्रोब आणि दोन चॅनेलचा कोणताही ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेज पडद्यावर रेषेने काढणारं यंत्र. मोबाईल चार्जर किंवा अडॅप्टर इथे चालत नाही, कारण त्याच्या टोकाला डीसी येतो.

सेकंडरीच्या एका टोकापासून १० किलोओहम, तिथून लाल प्रोब. काळ्या प्रोबपासून १ किलोओहम, तिथून सेकंडरीचं दुसरं टोक. दोन प्रोबच्या मधे तपासायचा भाग येतो. स्कोपचा ग्राउंड क्लिप काळ्या प्रोबच्या बिंदूवर, चॅनेल १ लाल प्रोबच्या बिंदूवर आणि चॅनेल २ सेकंडरीच्या दुसऱ्या टोकावर. स्कोप एक्स-वाय मोडवर घाला. आडवी दिशा म्हणजे भागावरचा व्होल्टेज, उभी दिशा म्हणजे १ किलोओहमवर पडणारा व्होल्टेज, अर्थात करंट. १ व्होल्ट दिसला तर १ मिलिअँप. या जोडणीत चॅनेल २ उलटा येतो, म्हणून त्याचं इन्व्हर्ट चालू करा. नाहीतर सगळी चित्रं डोक्यावर उभी दिसतील.

६ व्होल्ट आरएमएस म्हणजे शिखराला ८.५ व्होल्ट. प्रोब एकमेकांना टेकवले तर करंट ८.५ भागिले ११ किलोओहम, म्हणजे ०.७७ मिलिअँप. एवढ्याने नेहमीचा डायोड किंवा ट्रान्झिस्टर दुखावत नाही. दुसऱ्या रेंजला १० किलोओहमच्या जागी १ किलोओहम आणि १ किलोओहमच्या जागी १०० ओहम घ्या. करंट ७.७ मिलिअँपपर्यंत जातो, चित्राची उंची तीच राहते. चॅनेल १ डीसी कपलिंगवर (सिग्नल जसाच्या तसा आत घेणारं सेटिंग), २ व्होल्ट प्रति चौकट. चॅनेल २ डीसीवर, ०.२ व्होल्ट प्रति चौकट. लहान ट्रान्सफॉर्मर लोड नसताना ६ ऐवजी ७ व्होल्टही देतो, तेव्हा रेषा पडद्याबाहेर गेली तर ०.५ करा.

३.३ व्होल्टच्या आयसींसाठी ८.५ व्होल्ट जास्त आहेत. सेकंडरीवर ६८० आणि २२० ओहम एकापुढे एक जोडा आणि २२० ओहमच्या दोन टोकांवरून वरची जोडणी चालवा. शिखर साधारण २ व्होल्टवर येतं. तेव्हा चॅनेल १ ला ०.५ व्होल्ट आणि चॅनेल २ ला ५० मिलिव्होल्टची चौकट ठेवा.

इथे नेहमी दोन घोटाळे होतात. ट्रान्सफॉर्मरऐवजी फंक्शन जनरेटर लावला की चित्र येतच नाही, कारण बहुतेक जनरेटरची बाहेरची कडी आणि स्कोपचा ग्राउंड दोन्ही अर्थिंगला बांधलेले असतात आणि करंट मोजणारा रेझिस्टर त्यामुळे शॉर्ट होतो. दुसरा घोटाळा एसी कपलिंगचा. डायोडचं चित्र एका बाजूला झुकलेलं असल्याने त्यात डीसीचा अंश असतो. तो कापला गेला की कोपरा शून्याच्या जागेवरून सरकतो आणि ०.६ ऐवजी भलताच आकडा वाचला जातो.

कार्ड सगळ्या तारांपासून सुटं हवं. मेन, यूपीएस, लॅपटॉपची केबल, सेन्सरच्या तारा, सगळं काढा. काळा प्रोब स्कोपमार्फत अर्थिंगला बांधलेला आहे हे विसरून तो मेनला जोडलेल्या कार्डावर टेकवलात तर स्फोट होऊ शकतो.

आकार वाचणं

प्रोब हवेत असताना आडवी रेषा, टेकवले की उभी रेषा. १० किलोओहमचा रेझिस्टर ४५ अंशांवर तिरकी रेषा देतो, कारण वरच्या सेटिंगवर आडव्या चौकटीचे २ व्होल्ट आणि उभ्या चौकटीचे ०.२ मिलिअँप यांचं प्रमाणच १० किलोओहम आहे. १ किलोओहम जवळजवळ उभा दिसतो, १०० किलोओहम जवळजवळ आडवा. १एन४००७ डायोड काटकोन काढतो: एका बाजूला सरळ आडवी रेषा, दुसऱ्या बाजूला ०.५ ते ०.६ व्होल्टला कोपरा आणि मग उभी. या चार गोष्टी रोज काम सुरू करण्याआधी पाहून घ्या, कारण उलटा लागलेला चॅनेल किंवा सैल प्रोब इथेच पकडला जातो.

५.१ व्होल्टचा झेनर दोन्ही बाजूंना वळतो, एकीकडे ०.६ ला आणि दुसरीकडे ५ च्या आसपास. बीसी ५४७ सारख्या ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शनही उलट्या बाजूला ६ ते ८ व्होल्टच्या दरम्यान वळू शकतं. नवशिके तो ट्रान्झिस्टर काढून फेकतात. तो चांगला असतो. मात्र त्याला बराच वेळ तसा धरू नका, आणि १० किलोओहमच्याच रेंजवर पाहा.

कपॅसिटर लंबवर्तुळ काढतो, कारण त्यातला करंट व्होल्टेजच्या पाव फेरीने पुढे चालतो. ५० हर्ट्झला ०.३३ मायक्रोफॅरड जवळजवळ गोल दिसतो, ०.१ मायक्रोफॅरड आडवा पसरतो, १ मायक्रोफॅरड उभट होतो. दुसऱ्या रेंजवर हेच दहापट मोठ्या कपॅसिटरना लागू. १००० मायक्रोफॅरडचा अडथळा ५० हर्ट्झला जेमतेम ३ ओहम, म्हणून पॉवर सप्लायच्या दोन टोकांवर प्रोब ठेवला की उभी रेषाच दिसते आणि माणूस 'शॉर्ट आहे' म्हणून भाग काढू लागतो. आधी मीटर ओहमवर लावा. आकडा हळूहळू चढत असेल तर कपॅसिटर चार्ज होतोय, शॉर्ट नाही.

आता पुराची खूण. चांगल्या डायोडची आडवी बाजू काटेकोर आडवी असते. क्षार चिकटलेल्या कार्डावर तीच बाजू किंचित तिरकी होते, म्हणजे डायोडला समांतर पन्नास-शंभर किलोओहमचं काहीतरी बसलं आहे. ते तसंच राहिलं तर बहुधा खराब भाग. पण गरम हवा मारताना रेषा हलू लागली, तिरकेपणा कमी होत गेला, तर तो ओलावा आहे आणि भागाचा दोष नाही. असं कार्ड परत धुवायचं. चित्र थरथरत असेल, प्रोबच्या दाबाने उडी मारत असेल, तर सोल्डर तडकलेलं आहे किंवा ट्रॅकच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाणारं भोक आतून गंजलं आहे. हिरवट डाग दिसत नसला तरी.

प्रत्यक्षात एका पिनवर एकटा भाग कधीच नसतो. डायोड, कपॅसिटर, रेझिस्टर सगळे एकमेकांत मिसळतात आणि कुठल्या पुस्तकात नसलेला आकार निघतो. इथे बरेच जण ही पद्धत सोडून देतात. वास्तविक तो आकार ओळखायची गरजच नाही, तो त्याच्या जुळ्याशी जुळतो की नाही एवढंच पाहायचं असतं.

जुळं म्हणजे दुसरं चांगलं कार्डच हवं असं नाही. मोटर ड्राइव्हमध्ये यू, व्ही आणि डब्ल्यू अशा तीन फेज असतात आणि तिन्हींची गेट सर्किटं (पॉवर ट्रान्झिस्टरना चालू-बंद करणारी) सारखी असतात. त्यातलं एक वेगळं दिसलं की बिघाड तिथे. चार रिलेचं कार्ड असेल तर चार चॅनेल एकमेकांशी ताडून पाहा. प्रोसेसरच्या आठ डेटा पिनांपैकी सातांवर दोन्ही बाजूंना वळण आणि आठवीवर एकच बाजू, तर त्या ओळीवरच्या एखाद्या आयसीचा आतला संरक्षक डायोड गेलेला आहे किंवा मधला ट्रॅक तुटलेला आहे. सर्किट डायग्राम मिळत नसलेल्या कार्डावर हे सगळ्यात कामी येतं, आणि बडोद्यात दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक कार्डांचा डायग्राम मिळत नाही.

पडद्याची आठवण

दोन आकार ताडायचे तर पहिला कुठेतरी धरून ठेवावा लागतो. साध्या ब्राऊन नळीला, म्हणजे १८९७ मध्ये फर्डिनांड ब्राऊनने बनवलेल्या कॅथोड किरण नळीच्या घराण्याला, ही सोय नव्हती. इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावरच्या फॉस्फरवर, म्हणजे चमकणाऱ्या थरावर, आदळतो, ठिपका चमकतो आणि लगेच विझतो.

अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत अँड्र्यू हेफ याने १९४७ मध्ये चित्र धरून ठेवणारी नळी जगापुढे मांडली. तिची युक्ती अशी. इन्सुलेटरवर मंद इलेक्ट्रॉन आदळला तर तो तिथेच चिकटतो आणि जागा ऋण होते. वेगाने आदळला तर कॅरमच्या स्ट्रायकरने सोंगट्या उडवाव्यात तसे एकाच्या बदल्यात एकापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन उडतात आणि जागा धन होते. लिहिणाऱ्या वेगवान झोताने काही जागा धन केल्या. मग दुसऱ्या, पसरट झोताने साऱ्या पडद्यावर सतत मंद इलेक्ट्रॉन सोडले. ऋण जागा त्यांना रोखतात आणि काळ्याच राहतात. धन जागा त्यांना ओढून वेगाने आदळवतात, त्यातून पुन्हा इलेक्ट्रॉन उडतात आणि ती जागा धन राहते. लिहिलेलं स्वतःलाच लिहीत राहतं. त्याच सुमाराला मँचेस्टरमध्ये फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी नळीवरचा विद्युतभार संगणकाची मेमरी म्हणून वापरला. २१ जून १९४८ ला चाललेल्या त्यांच्या यंत्रात अशा नळीवर ३२ ओळी गुणिले ३२, म्हणजे १०२४ बिट मावत. पण तिथे भार गळून जाई, म्हणून सगळं सतत पुन्हा लिहावं लागे.

टेक्ट्रॉनिक्समधल्या रॉबर्ट अँडरसनने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही नळी दुरुस्तीच्या टेबलावर आणली. त्याने साठवणीसाठी वेगळी जाळी न घेता फॉस्फरच्या थरालाच दोन्ही कामं दिली: चमकणं आणि लक्षात ठेवणं. नळी सोपी आणि टिकाऊ झाली. तिच्यावर बनलेल्या ५६४ स्कोपची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे पडद्याचे वरचे आणि खालचे असे दोन भाग वेगवेगळे साठवता आणि पुसता येत. वर चांगल्या कार्डाचं चित्र धरून ठेवायचं आणि खाली संशयिताचं हवं तितक्या वेळा पुसून काढायचं. १९७२ च्या ४०१० टर्मिनलवर याच जातीची नळी होती. तिच्यावर १०२४ गुणिले ७८० बिंदू दिसत. प्रत्येकाला एक बिट म्हटलं तरी जवळपास १ लाख बाइट मेमरी लागली असती, आणि त्या काळात ती टर्मिनलपेक्षा महाग पडली असती. नळीने ती वाचवली. किंमत एवढीच की एखादी रेष पुसायची तर सारा पडदा हिरवा लखलखून पुसावा लागे.

आजच्या डिजिटल स्कोपमध्ये हेच काम मेन्यूतलं पर्सिस्टन्स, म्हणजे जुनी रेषा पडद्यावर धरून ठेवणारं सेटिंग, करतं. ते 'इन्फिनिट' करा, चांगल्या फेजची पिन दाबून चित्र उमटवा, मग संशयित फेजची तीच पिन. दोन रेषा एकमेकींवर बसल्या तर पुढची पिन, फाटल्या तर थांबा. काही स्वस्त स्कोप एक्स-वाय मोडमध्ये पर्सिस्टन्स देत नाहीत. तिथे फोन स्टँडला लावून, सेटिंग न बदलता दोन फोटो घ्या. टाइमबेस ५ ते १० मिलिसेकंद प्रति चौकट ठेवा. फार जलद ठेवला तर फेरीचा एक तुकडाच पकडला जातो आणि चांगला डायोड अर्धवट दिसतो. जुना अॅनालॉग स्कोप असेल तर या कामाला तोच बरा, रेषा सलग येते. मात्र ट्रान्सफॉर्मर बंद करताना एक्स-वाय मोडमध्ये मधे उभा राहणारा ठिपका फॉस्फर जाळतो, आधी ब्राइटनेस उतरवा.

काय पकडलं जात नाही

प्रोसेसरमधला प्रोग्राम उडाला असेल, क्रिस्टल चालत नसेल, रिलेचे पॉइंट काळे पडून लोडवरच तापत असतील, तर सगळे आकार जुळूनही कार्ड चालणार नाही. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असेल तर ५० हर्ट्झला तो सहसा दिसत नाही. त्याला १०० किलोहर्ट्झवर मोजणारा ईएसआर मीटरच लागतो. पाण्याखाली राहिलेले मोठे इलेक्ट्रोलिटिक, स्लीव्हखाली पाणी शिरलेले असतील तर, मोजत बसण्यापेक्षा बदललेले परवडतात.

हे सगळं झाल्यावर पहिली वीज थेट देऊ नका. एसएमपीएसच्या कार्डाला ६० ते १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी बल्ब चालत नाही, कारण करंट वाढताना तारेचा रेझिस्टन्स वाढणं हाच इथला ब्रेक आहे. चालू करताना बल्ब क्षणभर लखकन् पेटून मंद झाला तर मोठा कपॅसिटर चार्ज झाला आणि पुढे शॉर्ट नाही. भगभगत राहिला तर लगेच बंद करा आणि ब्रिज रेक्टिफायर व स्विचिंग मॉस्फेटपासून पुन्हा सुरुवात करा. मंद-तेज असा ठोके देत राहिला तर सप्लाय सुरू होऊन स्वतःला बंद करतोय, तेव्हा आधी आउटपुटच्या बाजूचे डायोड पाहा. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या बाजूला मात्र बल्बचा हिशोब वेगळा. तिथे १२ व्होल्टचा, गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावा आणि इन्व्हर्टरवर लोड काहीही ठेवू नका.